राउटर आपोआप रीस्टार्ट होतोय? ओपनडब्ल्यूआरटी वापरत असाल, तर कारण असं शोधा

ऑनलाइन मुलाखत सुरू आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अर्ध्यावर आलेलं असताना समोरचा चेहरा स्क्रीनवर गोठतो. उठून पाहावं तर राउटरचे सगळे दिवे विझून पुन्हा एकेक करून लागत आहेत. मिनिट-दीड मिनिटात इंटरनेट परत येतं, पण बोलण्याची लय तुटलेली असते आणि समोरच्यांचा वेळही गेलेला असतो. पुढचे दोन दिवस सगळं सुरळीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

राउटर असा अधूनमधून स्वतःहून रीस्टार्ट व्हायला लागला की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर सगळे त्याची सवय करून घेतात, नाहीतर दोन-चार हजार रुपये खर्चून नवा राउटर आणतात. त्यातून राउटरवरचं कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर काढून ओपनडब्ल्यूआरटीसारखं दुसरं फर्मवेअर टाकलेलं असेल, तर आरोपी आधीच ठरलेला असतो. "चांगला चालत होता, कशाला नको ते उद्योग केले?"

पण अनेकदा दोष फर्मवेअरचा नसतोच. तो काहीशे रुपयांच्या ॲडॅप्टरचा असू शकतो, राउटर कोंडून ठेवलेल्या कपाटाचा असू शकतो किंवा सहा महिन्यांपूर्वी स्वतःच लावून विसरलेल्या एखाद्या सेटिंगचाही असू शकतो. आणि दोष फर्मवेअरचाच असेल, तर तो पकडण्याची साधनं ओपनडब्ल्यूआरटीत मूळ फर्मवेअरपेक्षा कितीतरी जास्त आहेत. ती कोणत्या क्रमाने वापरायची, ते पाहू.

ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे नेमकं काय?

राउटर हा एक छोटा संगणकच असतो. त्यात प्रोसेसर, रॅम आणि फ्लॅश मेमरी असते आणि त्यावर एक ऑपरेटिंग सिस्टीम चालते. या सिस्टीमलाच फर्मवेअर म्हणतात.

लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या गाजलेल्या राउटरमध्ये लिनक्स वापरलेलं आहे, हे लक्षात आल्यावर जीपीएल परवान्याच्या अटीनुसार २००३ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला करण्यात आला. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. त्याच्या नावातला 'डब्ल्यूआरटी' त्या राउटरकडूनच आलेला आहे. आज वेगवेगळ्या कंपन्यांच्या शेकडो मॉडेलांवर ते चालतं.

कंपनीने अपडेट देणं बंद केलेल्या जुन्या राउटरलाही नवे सुरक्षा अपडेट मिळावेत, हे ते वापरण्याचं एक मोठं कारण. म्हणूनच रीस्टार्टला कंटाळून राउटर टाकून देणं किंवा मूळ जुनाट फर्मवेअरवर कायमचं परत जाणं, हे दोन्ही तोट्याचे सौदे ठरतात. एकात पैसे जातात, तर दुसऱ्यात सुरक्षा.

आधी खात्री करा: राउटर खरंच रीस्टार्ट होतोय का?

'नेट गेलं' या दोन शब्दांमागे निदान तीन वेगवेगळ्या घटना असू शकतात. राउटर रीस्टार्ट झालेला असेल, राउटर चालू असून बाहेरची जोडणी तुटलेली असेल किंवा फक्त वाय-फाय बंद पडलेलं असेल.

हे ओळखण्याची खूण म्हणजे 'अपटाइम', म्हणजे राउटर सलग किती वेळ चालू आहे याची नोंद. ओपनडब्ल्यूआरटीच्या ल्युसी या वेब पॅनेलवर पहिल्याच पानावर ती दिसते. एसएसएचने राउटरमध्ये शिरत असाल, तर 'अपटाइम' ही कमांड तेच सांगते. नेट गेल्यानंतर लगेच पाहिलं आणि अपटाइम दोन मिनिटं दिसला, तर राउटर रीस्टार्ट झाला. अपटाइम नऊ दिवस दिसत असेल, तर राउटर रीस्टार्ट झालेला नाही.

अपटाइम जास्त असूनही नेट जात असेल, तर शोध दुसरीकडे घ्यायला हवा. फायबरच्या जोडणीत भिंतीवर कंपनीचा ओएनटी हा वेगळा डबा असतो. तो रीस्टार्ट झाला किंवा पीपीपीओई लॉगिन तुटलं, तरी घरातल्यांना सारखाच अनुभव येतो.

फक्त ५ गीगाहर्ट्झचं वाय-फाय गायब होत असेल, तर चॅनेल तपासा. या पट्ट्यातले काही चॅनेल रडारसोबत वाटून वापरले जातात. राउटरला रडारसारखा संकेत जाणवला, तर नियमानुसार त्याला तो चॅनेल सोडावा लागतो. अशाच दुसऱ्या चॅनेलवर जायचं असेल, तर साधारणपणे आधी ६० सेकंद नुसतं ऐकत थांबावं लागतं. हा एक मिनिटाचा खंड हुबेहूब रीस्टार्टसारखा भासतो. रडारचं बंधन नसलेला चॅनेल, उदाहरणार्थ ३६, निवडला की ही अडचण संपते.

लॉगमध्ये काहीच का सापडत नाही?

राउटर रीस्टार्ट झाल्याची खात्री पटली की पुढची पायरी म्हणजे लॉग, अर्थात राउटरने स्वतः लिहून ठेवलेल्या नोंदी पाहणं. 'लॉगरीड' या कमांडने किंवा ल्युसीच्या स्टेटस मेनूतून त्या दिसतात. इथे बहुतेकांची निराशा होते, कारण लॉगची सुरुवातच रीस्टार्टनंतरच्या नोंदींपासून झालेली असते. त्याआधी काय घडलं, याचा मागमूस नसतो.

यात बिघाड काही नाही. ओपनडब्ल्यूआरटी लॉग मुद्दाम रॅममध्ये ठेवतं. राउटरच्या फ्लॅश मेमरीवर ठराविक वेळाच लिहिता येतं. रात्रंदिवस त्यावर नोंदी लिहिल्या, तर ती लवकर झिजेल. रॅम मात्र रीस्टार्ट झाला की पुसली जाते. म्हणजे ज्या क्षणाची नोंद सर्वात जास्त हवी असते, नेमका तोच क्षण नोंदी घेऊन जातो.

आणखी एक गोष्ट गोंधळात टाकते. ती म्हणजे नोंदींची वेळ. बहुतेक घरगुती राउटरमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. सुरू होताना ओपनडब्ल्यूआरटी 'ईटीसी' या फोल्डरमधल्या सर्वात अलीकडे बदललेल्या फाईलची वेळ उचलतं आणि तीच सध्याची वेळ समजून चालतं. इंटरनेट जोडलं गेलं की मग एनटीपीद्वारे खरी वेळ घेतली जाते. त्यामुळे लॉगच्या सुरुवातीच्या ओळींवर कित्येक दिवसांपूर्वीची तारीख दिसू शकते. त्या नोंदी जुन्या नसतात. रीस्टार्टनंतर घड्याळ अजून लागलेलं नसतं, एवढंच.

मग पुरावा वाचवायचा कसा?

त्यासाठी तीन मार्ग आहेत. त्यातला पहिला कुणालाही जमण्यासारखा आहे.

पहिला मार्ग म्हणजे नोंदी दुसऱ्या यंत्राकडे पाठवत राहणं. ल्युसीत सिस्टीम मेनूतल्या सिस्टीम पानावर लॉगिंगचा टॅब असतो. तिथे घरातल्या दुसऱ्या संगणकाचा आयपी पत्ता टाकायचा. पोर्ट ५१४ आणि प्रोटोकॉल यूडीपी ठेवायचा. त्या संगणकावर नोंदी स्वीकारणारा सिस्लॉग प्रोग्रॅम चालू असावा लागतो. कायम चालू राहणारा रास्पबेरी पाय किंवा जुना लॅपटॉप या कामाला पुरतो. तो शक्यतो केबलने जोडलेला असावा.

दुसरा मार्ग 'पीस्टोअर'चा. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल. तो कोसळतो तेव्हा शेवटचा मजकूर रॅमच्या एका राखीव तुकड्यात लिहून ठेवण्याची ही सोय आहे. रॅमची वीज तुटली नसेल, तर रीस्टार्टनंतरही तो तुकडा शाबूत राहतो. ही सोय सगळ्या मॉडेलांवर नसते. ज्यांवर आहे, तिथे 'सिस' फोल्डरमधल्या 'एफएस' आणि त्यातल्या 'पीस्टोअर' या फोल्डरमध्ये कोसळण्याची फाईल मिळते. ती मिळाली की आधी स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्यावी.

तिसरा मार्ग सीरियल कन्सोलचा. यात राउटर उघडून त्याच्या बोर्डवरच्या पिनांना यूएसबी-टीटीएल केबल जोडतात आणि शेवटच्या क्षणापर्यंतचा प्रत्येक शब्द संगणकावर टिपतात. बहुतेक राउटरवर ही पातळी ३.३ व्होल्टची असते. ५ व्होल्टची केबल लावली, तर चिप जळू शकते. केबलची वीजपुरवठ्याची तारही जोडायची नसते. फक्त ग्राउंड, पाठवणारी आणि घेणारी अशा तीनच तारा लागतात. हा मार्ग सोल्डरिंगची सवय असलेल्यांसाठीच.

पहिल्या मार्गाची एक मर्यादा आहे. कर्नल कोसळला की नोंदी पाठवणारा प्रोग्रॅमही त्याच क्षणी थांबतो. त्यामुळे कोसळण्याचं नेमकं कारण दुसऱ्या संगणकावर पोहोचेलच असं नाही. तरीही शेवटच्या नोंदी बरंच काही सांगतात. मेमरी संपत आल्याच्या तक्रारी येत होत्या का? वाय-फायचा ड्रायव्हर कुरकुरत होता का? की नेहमीच्या, निरुपद्रवी ओळी चालू असतानाच मध्येच शांतता पसरली? ही अचानक शांतता सर्वात आधी विजेकडे बोट दाखवते.

पहिला संशयित: वीज

कोणतीही खूण न ठेवता होणाऱ्या रीस्टार्टमागे सर्वात आधी तपासावा तो ॲडॅप्टर. त्याच्या आत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात. त्यांच्यातला द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने हळूहळू सुकतो. तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ढोबळ नियम आहे. चोवीस तास प्लगमध्ये राहणारा ॲडॅप्टर चार-पाच वर्षांत थकला, तर त्यात नवल नाही.

थकलेला ॲडॅप्टर एकदम बंद पडत नाही. राउटर निवांत असतो तेव्हा तो व्यवस्थित वीज देतो. मोठं डाउनलोड सुरू झालं, दोन्ही वाय-फाय पट्टे एकाच वेळी जोरात चालू झाले, की राउटर जास्त प्रवाह मागतो. तेव्हा व्होल्टेज क्षणभर खाली येतं आणि प्रोसेसर रीसेट होतो. कामाच्या ऐन वेळीच नेट जातं, ही तक्रार म्हणूनच अनेकदा खरी असते. मल्टिमीटरने नुसता ॲडॅप्टर मोजला तर १२ व्होल्ट बरोबर दिसतील, कारण भार नसताना तो आजारी दिसतच नाही.

त्यामुळे सर्वात भरवशाची चाचणी म्हणजे ॲडॅप्टर बदलून पाहणं. बदलताना चार गोष्टी जुळायला हव्यात. व्होल्टेज अगदी तेच हवं. अँपिअरचा आकडा तेवढाच किंवा जास्त चालतो, कमी चालत नाही. पिनची धन-ऋण दिशा तीच हवी. ॲडॅप्टरवरच्या छोट्या आकृतीत ती दाखवलेली असते. पिनचा आकारही घट्ट बसणारा हवा, कारण सैल पिन हेच कधीकधी रीस्टार्टचं कारण असतं. नवा ॲडॅप्टर बीआयएसची नोंदणीखूण असलेला घ्यावा.

राउटरला यूएसबी हार्ड डिस्क जोडली असेल, तर ती आधी काढून पाहा. यूएसबी २.० पोर्टकडून ५०० मिलीअँपिअर आणि यूएसबी ३.० पोर्टकडून ९०० मिलीअँपिअर एवढा प्रवाह मिळणं अपेक्षित असतं. फिरणारी डिस्क सुरू होताना याहून जास्त ओढू शकते. डिस्क हवीच असेल, तर तिला वेगळी वीज देणारा यूएसबी हब वापरावा.

भारनियमनाच्या किंवा वारंवार वीज जाणाऱ्या भागात आणखी एक तपासणी लागते. वीज गेली की इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत काही क्षणांची फट पडते. पंखा-दिव्यांना ती जाणवत नाही, पण राउटर तेवढ्यात रीस्टार्ट होऊ शकतो. अनेक घरगुती इन्व्हर्टरवर यूपीएस मोड असतो. त्यात ही फट कमी होते. राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस लावला, तर फटच राहत नाही. त्याचंही व्होल्टेज राउटरशी जुळायला हवं. रीस्टार्टच्या वेळा आणि वीज जाण्याच्या वेळा आठवडाभर एका कागदावर लिहून ठेवल्या, तर हा संबंध चटकन लक्षात येतो.

दुसरा संशयित: उष्णता

घरगुती राउटर साधारणपणे भोवतालचं तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस राहील असं गृहीत धरून बनवलेले असतात. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत ही मर्यादा सहज ओलांडली जाते. राउटर सेट-टॉप बॉक्सवर ठेवलेला असेल, टीव्हीच्या मागे बंद कप्प्यात असेल किंवा त्याची छिद्रं धुळीने भरली असतील, तर भर पडते.

अनेक मॉडेलांवर प्रोसेसरचं तापमान वाचता येतं. 'सिस' फोल्डरमध्ये 'क्लास', त्यात 'थर्मल' आणि त्यात 'थर्मल झोन शून्य' अशी वाट आहे. तिथली 'टेम्प' ही फाईल अंशाच्या हजाराव्या भागात आकडा देते. म्हणजे ७२००० दिसलं, तर तापमान ७२ अंश आहे. एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. रीस्टार्टच्या आधी तो चढत जातो का, हे महत्त्वाचं.

चाचणी सोपी आहे. राउटर दोन दिवस मोकळ्या जागी, थोडा उंचावर ठेवून त्यावर टेबल फॅनचा वारा सोडावा. रीस्टार्ट थांबले, तर उत्तर मिळालं.

तिसरा संशयित: अपुरी मेमरी

ओपनडब्ल्यूआरटीवर नवनवी पॅकेजं टाकता येतात, आणि ओढ तिथेच लागते. जाहिराती अडवणारं एक, व्हीपीएनसाठी एक, आलेखांसाठी एक. पण राउटरची रॅम फोनसारखी ४ किंवा ८ जीबी नसते. टीपी-लिंकच्या एकेकाळी घरोघरी असलेल्या टीएल-डब्ल्यूआर८४१एन या मॉडेलच्या अनेक आवृत्त्यांत फक्त ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम होती. अशा यंत्रांसाठी ओपनडब्ल्यूआरटीचा अधिकृत आधार १९.०७ या मालिकेबरोबर संपला. नव्याने राउटर निवडणाऱ्यांना आता निदान १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम असावी, असं सुचवलं जातं.

रॅम संपली की कर्नल एखादा प्रोग्रॅम बळी देऊन जागा मोकळी करतो. लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी' असे शब्द आणि मारलेल्या प्रोग्रॅमचं नाव दिसतं. एवढ्याने भागलं नाही, तर राउटर गोठतो आणि शेवटी रीस्टार्ट होतो. 'फ्री' ही कमांड किती जागा शिल्लक आहे ते सांगते. रीस्टार्टनंतर लगेच, सहा तासांनी आणि एका दिवसाने तिचे आकडे लिहून ठेवा. उपलब्ध मेमरी सतत घटतच जात असेल, तर एखादं पॅकेज मेमरी गिळत आहे. शेवटी टाकलेल्या पॅकेजपासून एकेक काढून पाहणं हाच उपाय.

जाहिराती अडवणाऱ्या पॅकेजांकडे विशेष लक्ष द्यावं. मोठ्या यादीत लाखो पत्ते असतात आणि यादी ताजी करताना मेमरीची मागणी एकदम उसळते. रोज ठराविक वेळी रीस्टार्ट होत असेल, तर यादी ताजी होण्याची वेळ जुळवून पाहा.

चौथा संशयित: आपणच लावलेला गजर

काही रीस्टार्ट अपघाताने होतच नाहीत. कुणीतरी ते सांगून ठेवलेले असतात.

'वॉचकॅट' हे असंच एक पॅकेज. इंटरनेटवरच्या एखाद्या पत्त्याकडून ठराविक वेळ उत्तर आलं नाही, तर ते राउटर रीस्टार्ट करतं. हेतू चांगला असतो. पण बाहेरची जोडणीच तास-दोन तास बंद असेल, तर राउटर बिचारा पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहतो आणि घरातल्यांना वाटतं, राउटरच बिघडला. पॅकेजांच्या यादीत ते आहे का, ते पाहून घ्यावं.

दुसरा गजर म्हणजे वेळापत्रकातली कामं. ल्युसीच्या सिस्टीम मेनूत शेड्यूल्ड टास्क्स हे पान आहे. तिथे रीबूटची ओळ दिसते का, ते पाहा. इथे घड्याळाचा आधीचा मुद्दा पुन्हा उपयोगी पडतो. समजा, पहाटे साडेचारला रीस्टार्ट करायचं काम लावलं आहे. रीस्टार्टनंतर राउटर शेवटच्या बदललेल्या फाईलची वेळ उचलतो. ती वेळ नेमकी साडेचारच्या थोडी आधीची निघाली, तर त्याच्या घड्याळात पुन्हा साडेचार वाजतात आणि तो पुन्हा रीस्टार्ट होतो. म्हणूनच ओपनडब्ल्यूआरटीच्या मार्गदर्शिकेत अशा कामात आधी ७० सेकंद थांबायला, मग 'ईटीसी' फोल्डरमधल्या एका फाईलची वेळ ताजी करायला आणि त्यानंतरच रीस्टार्ट करायला सांगितलं आहे. ७० सेकंदांमुळे साडेचारचा मिनिट उलटून जातो आणि ताज्या फाईलमुळे घड्याळ मागे जात नाही.

पाचवा संशयित: खुद्द फर्मवेअर

वीज, उष्णता, मेमरी आणि गजर हे चारही सुटले, तर आता फर्मवेअरची पाळी. कर्नलमध्ये गंभीर चूक झाली की त्याला 'कर्नल पॅनिक' म्हणतात. ओपनडब्ल्यूआरटीत पॅनिकनंतर ३ सेकंदांनी आपोआप रीस्टार्ट होईल अशी व्यवस्था आधीपासूनच केलेली असते. राउटर कायमचा गोठून राहण्यापेक्षा हे बरं, पण त्यामुळे आजार झाकला जातो.

पीस्टोअर किंवा सीरियल कन्सोलमधून पॅनिकचा मजकूर मिळाला, तर त्यातला प्रत्येक शब्द समजायलाच हवा असं नाही. दोन-तीन वेळचे मजकूर शेजारी ठेवून पाहा. दर वेळी तेच फंक्शन, तोच ड्रायव्हर दिसत असेल, उदाहरणार्थ वाय-फायचा 'एटीएच१०के' किंवा 'एमटी७६', तर सॉफ्टवेअरमधल्या चुकीची शक्यता मोठी. दर वेळी नवंच ठिकाण, नवीच चूक दिसत असेल, तर रॅमची चिप किंवा वीजपुरवठा यांच्यावर संशय परत न्यावा. सॉफ्टवेअरची चूक बहुधा त्याच वाटेने येते. हार्डवेअरच्या चुकीला ठराविक वाट नसते.

पॅनिकचा मजकूर मिळत नसेल, तर स्टॉपवॉचसुद्धा साक्षीदार होऊ शकतं. बहुतेक राउटरमध्ये 'वॉचडॉग' हे हार्डवेअरचं घड्याळ असतं. ओपनडब्ल्यूआरटी त्याला दर ५ सेकंदांनी 'मी जागा आहे' असं कळवतं. ३० सेकंद निरोप आला नाही, तर वॉचडॉग राउटर रीस्टार्ट करतो. या दोन्ही वेळा ठरलेल्या सेटिंगमधल्या आहेत. आता स्वतः रीबूट कमांड देऊन राउटरला परत यायला किती वेळ लागतो, ते केबलने जोडलेल्या संगणकावरून पिंग करून मोजा. समजा, ५० सेकंद लागले. आपोआप झालेल्या रीस्टार्टमध्येही ५० च्या आसपासच खंड पडला, तर वीज तुटली असावी किंवा पॅनिक झालं असावं. खंड ८० सेकंदांच्या जवळ असेल, तर राउटर आधी गोठला आणि वॉचडॉगने त्याला उठवलं, असा अंदाज बांधता येतो. मात्र काही वेळा बाकीचे प्रोग्रॅम थांबले, तरी कर्नल पिंगला उत्तर देत राहतो. म्हणून ही खूण इतर खुणांच्या जोडीनेच वाचावी.

दोष फर्मवेअरकडे झुकत असेल, तर पुढच्या गोष्टी एका वेळी एकच अशा बदलाव्यात:

- हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंग चालू असेल, तर ते बंद करून पाहा. वेग वाढवण्याची ही सोय काही चिपवर त्रास देऊ शकते.
- दोन वाय-फाय पट्ट्यांपैकी एक दिवसभर बंद ठेवा, मग दुसरा.
- चाचणी आवृत्ती म्हणजे स्नॅपशॉट वापरत असाल, तर त्याऐवजी स्थिर आवृत्ती टाका. राउटरच्या तळावरच्या स्टिकरवर मॉडेलसोबत हार्डवेअरची आवृत्तीही छापलेली असते. फाईल नेमकी तिच्याचसाठीची घ्या. चुकीच्या आवृत्तीची फाईल राउटर निकामी करू शकते.
- एकेक पॅकेज स्वतंत्रपणे अपग्रेड करण्याची सवय असेल, तर ती थांबवा. पॅकेजं आणि मूळ सिस्टीम यांचा मेळ बिघडू शकतो. संपूर्ण फर्मवेअर एकत्र बदलणं सुरक्षित.
- नवं फर्मवेअर टाकताना एकदा 'सेटिंग्ज ठेवा' ही खूण काढून टाका. आधी बॅकअप घ्या आणि सेटिंग्ज हाताने पुन्हा भरा. जुन्या आवृत्तीतून वाहत आलेली एखादी ओळच दोषी असू शकते.

शेवटची कसोटी: मूळ फर्मवेअर

तरीही उलगडा होत नसेल, तर राउटरवर काही दिवसांसाठी कंपनीचं मूळ फर्मवेअर परत टाकून पाहता येतं. त्याची पद्धत प्रत्येक मॉडेलची वेगळी असते आणि ओपनडब्ल्यूआरटीच्या संकेतस्थळावरच्या त्या मॉडेलच्या पानावर ती दिलेली असते. मूळ फर्मवेअरवरही राउटर तसाच रीस्टार्ट होत असेल आणि ॲडॅप्टर आधीच बदलून पाहिलेला असेल, तर बोर्डवरचाच एखादा भाग निकामी झाला आहे, असं समजायला हरकत नाही. तेव्हा मात्र नवा राउटर घेणंच शहाणपणाचं.

मूळ फर्मवेअरवर तो आठवडाभर स्थिर राहिला आणि ओपनडब्ल्यूआरटीवर येताच पुन्हा कोसळला, तर ही माहिती प्रकल्पाच्या विकासकांसाठी मोलाची आहे. राउटरचं मॉडेल, हार्डवेअर आवृत्ती, फर्मवेअरची आवृत्ती आणि पॅनिकचा मजकूर यांसह गिटहबवर तक्रार नोंदवता येते. 'राउटर रीस्टार्ट होतो' एवढ्या एका वाक्यावर कुणालाच काही करता येत नाही. पॅनिकचा मजकूर जोडला, तर त्याच मॉडेलच्या इतर वापरकर्त्यांचाही प्रश्न सुटू शकतो.

रोज पहाटे रीस्टार्ट करून टाकला तर?

हा सल्ला सर्रास दिला जातो. मेमरी हळूहळू गिळणाऱ्या पॅकेजच्या बाबतीत तो काही दिवस तारूनही नेतो. पण थकलेला ॲडॅप्टर पहाटेच्या रीस्टार्टने ताजातवाना होत नाही आणि तापलेलं कपाट थंड होत नाही. उलट अपटाइम रोज शून्यावर येत असल्याने, कोणता रीस्टार्ट ठरवलेला आणि कोणता आपोआप झालेला, हे ओळखणं अवघड होऊन बसतं. कारण सापडेपर्यंत हा उपाय लांब ठेवलेलाच बरा.

थोडक्यात, शोधाचा क्रम असा

१. नेट गेल्यावर लगेच अपटाइम पाहा. रीस्टार्ट झालाच नसेल, तर ओएनटी आणि वाय-फाय चॅनेल तपासा.
२. वॉचकॅट आणि वेळापत्रकातली कामं पाहा. याला पाच मिनिटं लागतात आणि खर्च शून्य.
३. नोंदी दुसऱ्या संगणकाकडे पाठवायला सुरुवात करा. पीस्टोअरमध्ये काही आहे का, पाहा.
४. यूएसबी उपकरणं काढा आणि योग्य मापाचा दुसरा ॲडॅप्टर लावा.
५. राउटर मोकळ्या हवेत ठेवा.
६. मेमरीचे आकडे दिवसभर टिपा आणि नको असलेली पॅकेजं काढा.
७. ऑफलोडिंग बंद करा. मग स्वच्छ सेटिंग्जसह स्थिर आवृत्ती टाका.
८. शेवटी मूळ फर्मवेअरवर परत जाऊन तुलना करा.

प्रत्येक पायरीनंतर थांबायला हवं, ही यातली सर्वात कंटाळवाणी आणि सर्वात महत्त्वाची अट. राउटर सरासरी तीन दिवसांनी रीस्टार्ट होत असेल, तर एक दिवस शांत गेला म्हणून काहीच सिद्ध होत नाही. निदान आठ-दहा दिवस वाट पाहावी लागते. एकाच दिवशी ॲडॅप्टर बदलला, फर्मवेअरही बदललं आणि जागाही बदलली, तर त्रास थांबेल कदाचित, पण कशामुळे थांबला, ते कळणार नाही. मग पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

म्हणून राउटरजवळ एक वही ठेवावी. तारीख, वेळ, त्या वेळी घरात काय चालू होतं आणि आदल्या दिवशी काय बदललं, एवढ्या चार गोष्टी तिच्यात लिहाव्यात. पुढची मुलाखत किंवा परीक्षा येईपर्यंत तिच्यात जमलेल्या दहा-बारा ओळी बहुतेक वेळा उत्तराच्या जवळ नेऊन सोडतात.